म्युकरमायकोसिस: इंजेक्शन वर्ध्यात बनलं, पण वडनेरच्या रुग्णाची अडचण त्याच्या आधीच सुरू होते

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट ओसरायला लागली होती आणि ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोहोचला होता. ॲम्फोटेरिसिन-बी नावाच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक या शहरातून त्या शहरात धावत होते. ‘कुठे मिळेल?’ अशा पोस्टींनी फेसबुक आणि ट्विटर भरून गेलं होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने जाहीर केलं, की वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस कंपनीत हे इंजेक्शन तयार होऊ लागलं आहे. सात हजार रुपयांना मिळणारं इंजेक्शन बाराशे रुपयांत मिळेल, असंही सांगण्यात आलं. विदर्भाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी दिवसभर फिरत होती, आणि आनंद व्हावा अशीच ती होती.

आता त्याच वर्धा जिल्ह्याच्या नकाशावर थोडं खाली या. हिंगणघाट ओलांडून हैदराबादच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की वडनेर लागतं. कापूस, सोयाबीन, तुरीचा पट्टा. समजा, इथल्या पन्नाशीतल्या एका शेतकऱ्याचा एकाच बाजूचा गाल सुजला आणि त्या बाजूचा दात दुखायला लागला. त्याला मधुमेह आहे, पण कधी तपासलाच नसल्याने त्याला ते माहीत नाही. औषधाचा कारखाना त्याच्याच जिल्ह्यात आहे. मग तो वाचेल का?

याचं उत्तर इंजेक्शनपेक्षा त्याच्या आधी घडलेल्या गोष्टींवर जास्त अवलंबून आहे. २०२१ च्या गोंधळात नेमकी हीच बाजू मागे पडली, आणि बातम्या थांबल्यावर तर ती विसरलीच गेली.

बुरशी आली कुठून?

कुठूनच आली नाही. ती इथेच होती. म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशींचं एक मोठं कुळ आहे. त्यातली भारतात सर्वांत जास्त सापडणारी रायझोपस ही शेतातल्या मातीत, शेणखतात, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर असते. तिचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण, हवेत तरंगत असतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासाबरोबर आत घेतो. वडनेरचा शेतकरी घेतो, तसा मुंबईचा बँक कर्मचारीही घेतो. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते नष्ट करतात आणि आपल्याला काही कळतही नाही.

हा आजार माणसाला माणसापासून होत नाही. रुग्णाच्या शेजारी बसल्याने, त्याचं ताट धुतल्याने होत नाही. २०२१ मध्ये कांद्यावरचा काळा थर म्हणजेच काळी बुरशी, असा मेसेज फिरला होता. कांद्यावरची ती बुरशी वेगळ्याच कुळातली, ॲस्परजिलस नायजर नावाची. तिचा या आजाराशी संबंध नाही. कांदा धुऊन, तो थर काढून खा, विषय संपला.

‘काळी’ हे नावही फसवंच आहे. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते, आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. मेलेलं मांस काळं दिसतं. म्हणजे टाळूवर काळा डाग दिसेपर्यंत थांबलं, तर आतली नासधूस आधीच झालेली असते. त्यानंतर पांढरी बुरशी, पिवळी बुरशी असे रंग बातम्यांत यायला लागले, तेव्हा एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना पत्रकार परिषदेत सांगावं लागलं, की रंगावरून नावं देऊ नका, गोंधळ वाढतो.

हा आजार नवाही नाही. माणसातला पहिला रुग्ण १८८५ मध्ये पाल्टाउफ या शास्त्रज्ञाने नोंदवला होता. भारतात चंदीगडच्या पीजीआय संस्थेने वर्षानुवर्षं हिशेब ठेवला. तिथे १९९० च्या दशकात वर्षाला सरासरी तेरा रुग्ण यायचे, २००६-०७ पर्यंत ही सरासरी पन्नासवर गेली. तेव्हा कोरोनाचं नावही नव्हतं. त्याच संस्थेच्या संशोधकांनी मांडलेल्या गणिती अंदाजानुसार भारतात दर दहा लाख लोकांमागे सुमारे १४० जणांना हा आजार असतो. जगातल्या इतर देशांच्या तुलनेत हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त आहे.

मग दार कोण उघडतं?

दोन गोष्टी. रक्तातली बेसुमार साखर आणि स्टेरॉइड.

साखर खूप वाढली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. संसर्गाच्या जागी वेळेवर पोहोचत नाहीत, पोहोचल्या तरी बुरशीला मारू शकत नाहीत. पण गोष्ट तिथेच थांबत नाही. मधुमेह फारच बिघडला तर रक्तात कीटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. आपल्या रक्तात लोह मोकळं फिरत नाही, एका प्रथिनाने ते घट्ट धरून ठेवलेलं असतं. रक्त आम्लधर्मी झालं की ही पकड ढिली पडते. रायझोपसला वाढायला लोह लागतं, आणि ते असं आयतं मिळतं. कीटोन असलेल्या वातावरणात तगून राहण्याची सोयही तिच्याकडे आहे. शिवाय अशा अवस्थेत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर एक प्रथिन वाढतं आणि बुरशी नेमकं त्यालाच चिकटते. बिघडलेला मधुमेह म्हणजे या बुरशीसाठी नांगरून, खत टाकून ठेवलेलं वावर.

स्टेरॉइड दोन्हीकडून मारतं. ते प्रतिकारशक्ती दाबतं आणि साखरही वाढवतं. आधीपासून मधुमेह असणाऱ्याची साखर तर काही दिवसांत दुप्पट-तिप्पट होऊ शकते.

इथे स्टेरॉइडची बाजूही सांगायला हवी, कारण या औषधाने कोरोनात लाखो जीव वाचवले. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये आले. डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं, तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने कमी झाले. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीही फायदा दिसला नाही, उलट अपायाचीच शक्यता दिसली. दुसऱ्या लाटेत मात्र ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू झालं. मोबाइलवर चिठ्ठ्यांचे फोटो फिरले, मेडिकलमधून गोळ्या आल्या. डोस जास्त, दिवस जास्त, आणि साखर तपासायला कुणी नाही.

याची खूण दुसऱ्या लाटेआधीच्या रुग्णांमध्येच दिसत होती, ही यातली सगळ्यांत चुटपुट लावणारी गोष्ट. देशातल्या १६ रुग्णालयांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातले म्युकरमायकोसिसचे २८७ रुग्ण अभ्यासले. त्यातले १८७ कोरोना झालेले होते. आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत रुग्णसंख्या दुपटीवर गेली होती. सर्वाधिक आढळलेला मूळ आजार होता नियंत्रणात नसलेला मधुमेह. कोरोनानंतरच्या म्युकरशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला, त्यांत रक्तातला ऑक्सिजन घटणं आणि स्टेरॉइडचा चुकीचा वापर या दोन्ही होत्या. बारा आठवड्यांत जवळपास ४६ टक्के रुग्ण दगावले.

पुढच्या काही महिन्यांत काय झालं, ते आपण पाहिलं. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली ‘कळवणं बंधनकारक’ करायला सांगितलं. जुलैमध्ये केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते. जे वाचले त्यांतल्या अनेकांचा डोळा किंवा जबडा गेला. मृत्यूच्या आकड्यात ही माणसं दिसत नाहीत.

इंजेक्शनचा हिशेब कापसात करून पाहू

ॲम्फोटेरिसिन-बी हे औषधही मातीतूनच आलेलं आहे. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. साधं ॲम्फोटेरिसिन स्वस्त आहे, पण मूत्रपिंडांवर त्याचा मोठा ताण येतो. म्हणून ते चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळून दिलं जातं. यातला लायपोसोमल प्रकार डॉक्टरांची पहिली पसंती असतो. वर्ध्यात बनलं ते इमल्शन, हा त्याच घराण्यातला वेगळा प्रकार.

नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम, आजार मेंदूपर्यंत गेला असेल तर दुप्पटही. साठ किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम. एका कुपीत ५० मिलिग्रॅम, म्हणजे रोज सहा कुप्या. आणि हे किमान तीन-चार आठवडे. तीन आठवडे धरले तर १२६ कुप्या.

सात हजारांच्या दराने एका दिवसाचे ४२ हजार रुपये होतात. २०२०-२१ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,८२५ रुपये होता. म्हणजे एका दिवसाच्या इंजेक्शनसाठी सात क्विंटलहून जास्त कापूस. कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल निघाला तरी शेतकरी देवाला नारळ फोडतो. रोज एका एकराहून जास्त वावराचं पीक, आणि असे एकवीस दिवस. बाराशेच्या दराने तोच दिवस ७,२०० रुपयांत निघतो, म्हणजे सव्वा क्विंटल. त्यामुळे वर्ध्याची बातमी मोठी होती, यात वाद नाही. राज्य सरकारनेही हा आजार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला, आणि १२ जून २०२१ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने ॲम्फोटेरिसिन-बी वरचा कर काही महिन्यांसाठी शून्य केला.

पण नुसत्या इंजेक्शनने हा आजार बरा होत नाही. मेलेल्या भागात रक्तच पोहोचत नाही, मग रक्तातून दिलेलं औषध कसं पोहोचणार? तो भाग शस्त्रक्रिया करून काढावाच लागतो, कधी दोनदा, कधी चारदा. त्यासाठी कान-नाक-घसा, डोळे, दात आणि जबडा यांचे तज्ज्ञ एकत्र लागतात, एमआरआय लागतो, आणि इंजेक्शन सुरू असताना मूत्रपिंड आणि पोटॅशियमवर सतत लक्ष ठेवावं लागतं. वर्धा जिल्हा याबाबतीत नशीबवान म्हणायचा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अशी वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालयं जिल्ह्यात आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांना हे नाही.

वडनेर ते सेवाग्राम: किलोमीटर कमी, दिवस जास्त

मग अडतं कुठे? रस्त्याचं अंतर दीड-दोन तासांचं असेल. पण आजार ओळखला जाईपर्यंतचं अंतर दिवसांत मोजावं लागतं.

आपल्या त्या शेतकऱ्याकडे परत जाऊ. गाल सुजला, दात दुखला. तो आधी दोन दिवस लवंग धरेल. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी. मग दाताचा डॉक्टर. दात हलतोय म्हणून काढला जाईल. नाक बंद आहे, डोकं दुखतंय, म्हणून सर्दीचं औषध. सूज उतरावी म्हणून कुणी स्टेरॉइडही देईल, आणि तिथे आगीत तेल पडेल. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की योग्य ॲम्फोटेरिसिन सुरू करायला सहा किंवा त्याहून जास्त दिवस उशीर झाला तर मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. वर सांगितलेल्या प्रवासात सहा दिवस सहज निघून जातात.

त्यामुळे ही लक्षणं लक्षात ठेवा. चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणं, सूज किंवा बधिरपणा. नाकातून काळपट किंवा रक्ताळलेला स्राव. वरचे दात अचानक हलायला लागणं. एकाच डोळ्याला सूज, पापणी खाली येणं, एकाचे दोन दिसणं. टाळूवर डाग. यातलं एखादं लक्षण आणि त्यासोबत मधुमेह किंवा अलीकडे घेतलेलं स्टेरॉइड असेल, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. थेट कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठायचं.

तिथली पहिली तपासणी महागडी नाही. नाकातला नमुना घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे केओएचचा, थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. या बुरशीचे धागे रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटलेले दिसतात. सगळं नीट असेल तर तासाभरात अंदाज येतो. मात्र तो नमुना घेणारा आणि ते धागे ओळखणारा माणूस तिथे हवा.

आणि या सगळ्याच्या आधी एक ग्लुकोमीटर. बोटाला टोचून मिनिटभरात साखर कळते. मधुमेह आहे हे म्युकरमायकोसिस झाल्यावरच पहिल्यांदा कळलेले अनेक रुग्ण भारतातल्या अभ्यासांत नोंदलेले आहेत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह हा शहरातल्या बसक्या माणसांचा आजार, ही समजूत आता जुनी झाली. माझ्या मते २०२१ च्या अनुभवानंतर दाताच्या प्रत्येक दवाखान्यात ग्लुकोमीटर असायलाच हवा होता. चेहरा सुजलेल्या रुग्णाचा दात काढण्याआधी त्याची साखर पाहायला कितीसा वेळ लागतो?

नाकाशिवायच्या वाटा

या कुळातली अपोफिजोमायसिस नावाची एक बुरशी वेगळ्या वाटेने येते. ती जखमेतून शिरते, आणि धडधाकट माणसालाही सोडत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरात चक्रीवादळ झालं, तेव्हा माती आणि लाकडाच्या ढलप्या शरीरात घुसलेल्या १३ जणांना या बुरशीचा संसर्ग झाला आणि त्यातले ५ जण दगावले. भारतात रस्त्यावरच्या अपघातांनंतर असे रुग्ण दिसतात. महामार्गालगतच्या गावांसाठी यातला अर्थ साधा आहे. माती भरलेली जखम भरपूर पाण्याने धुवायची, आणि टाके घालून, प्रतिजैविकं देऊनही कडा काळ्या पडत असतील तर बुरशीची शंका घ्यायची.

कापूस वेचणाऱ्या बायकांच्या आणि सोयाबीनची मळणी करणाऱ्या मजुरांच्या डोळ्यांचा प्रश्न तर याहून रोजचा. पऱ्हाटीचं टोक लागतं, भुसा उडतो, बुबुळावर बारीक ओरखडा पडतो आणि त्यातून फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस आत जाते. दोन-चार दिवसांत बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर, आपल्याकडे म्हणतात तसं, डोळ्यात फूल पडतं आणि नजर जाते. यावरचं नॅटामायसिन हे थेंबांचं औषध जुनं आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनाझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरलं. तरीही अनेकदा पहिला थेंब पडतो तो मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडचा. लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी पसरत जाते.

गजकर्णाचीही तीच कथा. स्टेरॉइड मिसळलेली मलमं वर्षानुवर्षं चोळल्यामुळे भारतात चिवट, पसरणारा नायटा वाढला. त्यात ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीचा मोठा वाटा आहे. २०२० मध्ये तिला नाव देताना शास्त्रज्ञांनी त्यात भारताचाच उल्लेख घातला. टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला ती अनेकदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडले. आपल्याकडे २०१८ मध्ये स्टेरॉइडची १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घालणारी अधिसूचना निघाली. ती पाळली जाते का, हे जवळच्या मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहून कुणालाही पाहता येईल.

आता पुढे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये माणसाला सर्वाधिक धोकादायक असलेल्या १९ बुरशींची यादी पहिल्यांदाच काढली. म्युकरचं कुळ त्यात दुसऱ्या, ‘उच्च’ गटात आहे. पहिल्या गटात दवाखान्यांमध्ये पसरणारी कँडिडा ऑरिस आहे, फुप्फुसात वाढणारी ॲस्परजिलस फ्युमिगॅटस आहे. या ॲस्परजिलसचा शेतीशीही संबंध आहे. तिच्यावरचं व्होरिकोनाझोल आणि सोयाबीनवर फवारलं जाणारं टेब्युकोनाझोल ही एकाच कुळातली रसायनं. फवारणीमुळे शेतातली बुरशी औषधाला सरावते आणि मग ती माणसात शिरली तर दवाखान्यातलं औषध चालत नाही, हे नेदरलँड्समध्ये दिसलेलं आहे.

एप्रिल २०२५ मध्ये याच संघटनेने आणखी एक अहवाल दिला. गेल्या दहा वर्षांत बुरशीवरची फक्त चार नवी औषधं मोठ्या देशांत मंजूर झाली, आणि लहान दवाखान्यांत वापरता येतील अशा चाचण्यांचाही तुटवडा आहे, असं त्यात म्हटलं आहे.

मोठी औषधं येतील तेव्हा येतील. तोवर घरातली एक गोष्ट आजच तपासता येते. औषधांच्या डब्यातल्या गोळ्या, मलमं आणि डोळ्यांचे थेंब बाहेर काढा आणि छापलेली नावं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही सगळी स्टेरॉइडची नावं आहेत. यातलं काही डॉक्टरांनी लिहून न देता सुरू असेल, तर ते घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि साखरही तपासून घ्या. पण बरेच दिवस गोळ्या सुरू असतील तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका. शरीराला त्यांची सवय झालेली असते. अचानक थांबवल्याने रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो, म्हणून डोस हळूहळू कमी करावा लागतो.